सासूबाई, शुक्रवार आणि बीन्समधली चरबी

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी गॅस बंद, एक शुक्रवार बर्गर आणि एक शुक्रवार कोपऱ्यावरचं मेक्सिकन, हे मुलगा लहान असल्यापासून चालत आलंय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा मटण-चिकन खातात, बीफ नाही. बर्गरच्या ठिकाणी आई नुसत्या फ्राइज खातात आणि 'झालं माझं पोट' म्हणतात. मेक्सिकनमधले बीन्स-राइस मात्र त्यांना आवडायला लागले होते, आणि मागच्या आठवड्यात तिथल्या वेट्रेसच्या बोलण्यात सहज आलं की बीन्स डुकराच्या चरबीत परततात. आईंनी ते बऱ्याचदा खाल्लेत! नवरा म्हणतो गप्प बस, कळलं तर ती बाहेर पाणीसुद्धा पिणार नाही. मुलगा चौदा वर्षांचा, मी वेटरला प्रश्न विचारायला लागले की तो टेबलाखाली जायचा तेवढा बाकी असतो. बाबा टिप बघून हळहळतात. शुक्रवार आला की आता मला धडकी भरते. हे बाहेर जाणं बंदच करू का? आणि चरबीचं सांगू का? – एक वैतागलेली सून"

अगं, बंद बिंद काही करू नकोस. आणि चरबीचं सांगायचं.

अवघड तेच आधी घेते. सांगायचं, पण तू नाही सांगायचं, नवऱ्याने सांगायचं, आई त्याची आहे. तू सांगितलंस तर उद्या गावाकडच्या फोनवर "सुनेने आम्हाला चरबी खाऊ घातली" एवढंच पोचेल, मधलं सगळं गळून जाईल, तुला माहितीये कसं असतं ते. मागच्या आठवड्यापर्यंत यात कोणाचाच दोष नव्हता, तुम्हाला माहीतच नव्हतं. पण आता माहीत आहे. पुढच्या वेळी त्या तीच प्लेट मागवणार आणि तुम्ही दोघं समोर बसून चिप्स मोडत बघणार, तो मात्र दोष झाला, आणि तो तुमचा.

तुला आठवत असेल किंवा नसेल, हे आपल्या लोकांच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. 1990 मध्ये मॅकडॉनल्ड्सने इकडे जाहीर केलं की आता फ्राइज वनस्पती तेलात तळणार, आणि लोक निश्चिंत होऊन खायला लागले, देवळातून येताना मुलांना घेऊन जायला लागले. मग 2001 मध्ये बाहेर आलं की बटाट्याला चव यावी म्हणून बीफचं फ्लेवरिंग आधीच लावलेलं असतं. सिएटलच्या एका वकिलाने केस टाकली, तिकडे मुंबई-ठाण्यात तोडफोड झाली (भारतातल्या फ्राइजमध्ये ते नव्हतंच, तरी झाली), आणि 2002 मध्ये कंपनीने माफी मागून हिंदू, शाकाहारी वगैरे संस्थांना मिळून 1 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. लोक एवढे भडकले ते त्या चिमूटभर फ्लेवरसाठी नाही, आम्हाला सांगितलं का नाही यासाठी. तुझा नवरा घरातल्या घरात तेच करायला निघालाय. आणि हो, अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राइजच्या घटकांमध्ये "नॅचरल बीफ फ्लेवर" आजही लिहिलेला असतो, तेव्हा आईंच्या त्या "नुसत्या फ्राइज"चं पण बघायला लागेल, त्यावर येतेच.

सांगायचं कसं, तर एका दमात आणि जेवणाच्या टेबलावर नाही. "आई, त्या हॉटेलातल्या बीन्समध्ये चरबी असते हे आम्हाला आत्ता कळलं, आधी माहीत नव्हतं. आता तुझ्यासाठी तिथे दुसरं बघू." बस. "अगदी थोडीशीच असते" नाही, "इथे सगळेच खातात" नाही, "अनवधानाने खाल्लं तर चालतं" हे तर त्याने अजिबात बोलायचं नाही, ते बोलायचा हक्क फक्त त्यांचा. रागावतील, दोन दिवस गप्प राहतील, देवापुढे काय सांगायचं ते सांगतील. राहू दे. साताऱ्याहून एवढा लांबचा विमानप्रवास करून आलेली बाई आहे, एवढं ऐकून ती मोडत नाही.

आणि त्याच बसण्यात त्यांना त्यांची रेघ विचारून घ्या, कारण ती तुम्ही आजवर अंदाजाने ठरवताय. मांस भाजलेल्या तव्यावर भाजलेली भाजी चालते का? चिकन तळलेल्या तेलातले बटाटे चालतात का? बनमध्ये किंवा सॉसमध्ये अंडं असलं तर? मी अशा बायका बघितल्यात ज्यांना तवा चालतो पण अंडं चालत नाही, आणि अशाही ज्यांना केकमधलं अंडं चालतं पण शेजारच्या ताटातला वास चालत नाही, यात तर्क शोधायला जाऊ नये. एकदा त्यांनी सांगितलं की तुझं निम्मं काम संपलं, मग वेटरची उलटतपासणी करायची नाही, दोन प्रश्न आणि विषय मिटला.

आता मेक्सिकनकडे. मला विचारशील तर सासू-सासऱ्यांना घेऊन जायला बर्गरपेक्षा हीच जागा शंभरपट बरी, फक्त कुठे काय लपलेलं असतं ते माहीत हवं. रिफ्राइड बीन्समध्ये मांतेका म्हणजे डुकराची चरबी असते हे तुला कळलंच. चारो बीन्समध्ये तर बेकनच असतं, ते विचारायलाही नको. अख्खे ब्लॅक बीन्स पुष्कळ ठिकाणी नुसत्या कांदा-लसणावर शिजवतात, पण विचारायचं. तो लालसर राइस बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो, हे तुझ्या पत्रात नाही म्हणजे बहुतेक तुम्हाला माहीत नाही, तेव्हा नवऱ्याला म्हणावं दोन्ही एकदमच सांगून टाक, हप्त्याने नको. एंचिलाडाच्या (सारण भरलेल्या मक्याच्या पोळीच्या) सॉसमध्ये, मोलेमध्ये (मिरच्या-मसाल्यांच्या घट्ट रश्श्यात) पण तेच पाणी असू शकतं. तामालेच्या, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या, पिठात चरबी घालून फेटायची पारंपरिक पद्धत आहे, आत नुसतं चीज-मिरची असली तरी. चिले रेयेनो, म्हणजे चीज भरलेली मोठी मिरची, दिसायला शाकाहारी पण वरचं आवरण फेटलेल्या अंड्याचं.

एवढं वाचून घाबरू नकोस, उरतंही भरपूर. सगळ्यात कामाचा नियम म्हणजे टॉर्टिया, म्हणजे तिकडची पोळी, मक्याची घ्यायची. मैद्याच्या टॉर्टियात चरबी किंवा शॉर्टनिंग (डालड्यासारखं) असतं, मक्याच्या टॉर्टियात मका, पाणी आणि चुना. हो, चुना! मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सालं निघतात, मग वाटतात, आणि त्याची हातावर थापलेली गरम टॉर्टिया आईंच्या हातात दिलीस तर त्या तिला भाकरीची धाकटी बहीणच म्हणतील. जिथे टॉर्टिया समोर करतात अशी ताकेरिया, म्हणजे टाकोचं छोटं हॉटेल, शोध, तिथे त्यांना तव्याच्या जवळच्या टेबलावर बसव, अर्धा तास बोलायला लागणार नाही. तिच्यात भाजलेली ढोबळी मिरची, कांदा, अवोकाडो, चीज, वरून कोथिंबीर-कांदा आणि लिंबू. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज घालून दुमडून भाजलेली टॉर्टिया) मिळाली तर ती घ्याच, आपल्याकडे त्या फुलांची भजी करतात म्हणजे त्यांना ओळखीची भाजी. नोपालेस म्हणजे निवडुंगाची पानं, काटे काढून भाजलेली, थोडी बुळबुळीत, भेंडी आवडणाऱ्याला आवडतात. नाचोज पण साधे मागवायचे. ते मुळात सीमेपलीकडे पिएद्रास नेग्रासला 1940च्या दशकात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने ऐनवेळी आलेल्या बायकांसाठी केले, तळलेले टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि हालापेन्यो मिरची एवढंच, वर किमा-बिमा ओतायची पद्धत नंतरची.

व्हेजी फहितासचं सांगून ठेवते, ते धुराचा लोट काढत येतात तेव्हा सगळं हॉटेल वळून बघतं आणि आईंना मजाही वाटेल, पण भाजी बहुतेक त्याच लोखंडी तव्यावर परतलेली असते ज्यावर बीफ परततात. म्हणून ती रेघ आधी विचारायची.

प्यायला कोक कशाला देता गं त्यांना? आग्वा फ्रेस्का घ्या. तामारिंदो म्हणजे चिंचेचं सरबत, ओर्चाता म्हणजे तांदूळ भिजवून वाटून दालचिनी घातलेलं गोड पाणी (काही ठिकाणी दूध पण), आणि ते लालभडक हामायका असतं ना, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं. अंबाडी प्लेनोत प्यायला मिळाली की साताऱ्याचा माणूस निदान एक फोन तरी लावतोच. आणि एक, पालेतेरिया म्हणून मेक्सिकन आइस्क्रीमची दुकानं असतात तिथे आंबा, कलिंगड, काकडी कापून वर लिंबू आणि तिखट-मीठ भुरभुरवून कपात देतात, जेवण नाही जमलं तरी आईंची एक संध्याकाळ त्यावर निघेल. कपातला मका घेताना मात्र मेयोनेज नको म्हणायचं, त्यात अंडं.

आता चौदा वर्षांचे साहेब. आई लांबलचक प्रश्न विचारते म्हणून लाजतो ना, मग प्रश्न त्यालाच विचारायला लाव. टेक्सासमधली किती तरी मुलं शाळेत स्पॅनिश घेतात, तोही घेत असेल तर फारच छान, नसेल तर चार शब्द कोणीही पाठ करतं. "लोस फ्रिहोलेस येवान मांतेका?", बीन्समध्ये चरबी असते का, आणि "एल आरोस येवा काल्दो दे पोयो?", भातात चिकनचं पाणी असतं का. नुसतं "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हणून थांबायचं नाही हं, पुष्कळ लोकांच्या लेखी कार्ने म्हणजे बीफ, त्यामुळे "सिन कार्ने" ऐकून प्रेमाने चिकन घालून आणतील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका" असं सगळं म्हणायचं. आजीचं ताट त्याच्या जबाबदारीवर, असं एकदा जाहीर केलंस की त्याचं लाजणं कमी होईल, आणि नाही झालं तरी निदान तू बोलत नसशील.

बर्गर. इथे मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूने आहे, त्यांच्यासाठी तिथे फारसं काही नसतंच आणि आहे असं दाखवण्यात कोणाचं भलं नाही. व्हेजी बर्गर मेनूवर असतो, पण तो ब्लॅक बीन पॅटीचा असेल तर बांधायला अंडं असू शकतं, ब्रिओश बनमध्ये अंडं असतंच, आणि तवा एकच. इम्पॉसिबल पॅटी तर आईंना देऊच नकोस, ती वनस्पतींचीच आहे, पण मांसासारखी लाल दिसावी रसाळ लागावी म्हणूनच बनवलीये, जन्मभर मांस न खाल्लेल्या बाईला ती गंमत कशाला. बर्गर किंगने 2019 मध्ये तिचा व्हॉपर (त्यांचा नेहमीचा मोठा बर्गर) काढला, आणि तो बीफच्याच भाजायच्या जाळीवर भाजतात म्हणून त्याच वर्षी केसही झाली.

फ्राइजचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. जिथे त्याच तेलात चिकनही तळतात तिथे ते तेलच चिकनचं. काही जण तर मुद्दाम बीफच्या चरबीकडे परत चाललेत, स्टेक अँड शेकने 2025 च्या सुरुवातीला जाहीर करून तसं केलं, आणि छोट्या लोकल बर्गर जॉइंटवाल्यांना पण ते चविष्ट वाटतं, पाटीवर अभिमानाने "बीफ टॅलो" लिहितात, तेव्हा पाटी वाचायची. त्यातल्या त्यात तुमच्या भागात इन-एन-आउट आहे, 2011 मध्ये टेक्सासमधली त्यांची पहिली दुकानं तुमच्या शेजारी फ्रिस्को आणि ॲलनलाच उघडली, तिथे फ्राइज सूर्यफुलाच्या तेलात तळतात आणि फ्राइजशिवाय दुसरं काही तळतच नाहीत. ग्रिल्ड चीज मागितलं की बनमध्ये दोन चीज, टोमॅटो, लेट्यूस, कांदा असं देतात, फक्त स्प्रेड (त्यांचा सॉस) नको म्हणायचं कारण त्यात अंडं. फाइव्ह गाइजमध्येही फ्राइज शेंगदाण्याच्या तेलात, व्हेजी सँडविच मिळतं. पण एक सांग, हे सगळं करून आईंना मिळणार काय, चीज घातलेला पाव. त्यापेक्षा बर्गरच्या शुक्रवारी त्यांना घरीच राहू दे.

हो, खरंच. तू पत्रात लिहिलं नाहीस पण मला दिसतंय, त्या "तुम्ही जा, आम्हाला वरणभात पुरे" म्हणत असणार आणि तू त्याचा अर्थ "सुनेला माझी किंमत नाही" असा लावत असणार. कदाचित त्यांना खरंच वरणभातच हवा असेल! दिवसभर घरात सगळे, संध्याकाळी दोन तास शांतता आणि मालिका, मला पण आवडेल. पंधरा दिवसांतून एकदा तुम्ही तिघंच बर्गर खाऊन आलात तर आकाश कोसळत नाही. फक्त लपूनछपून नको, कुकर लावून, "आठला येतो" सांगून जायचं. बाबांना यायचं असेल तर येऊ देत, त्यांना म्हणावं "चिकन बर्गर" मागू नका, इकडे त्याला चिकन सँडविच म्हणतात, आणि हॅम्बर्गर म्हणजे नेहमी बीफच, नावावर जाऊ नका.

आईंना घेऊन जायचा शुक्रवार असेल तेव्हा सातला जाऊ नका गं. साडेपाचला जा. टेबल लगेच मिळतं, गोंगाट नसतो, वेट्रेसला तुमच्या मुलाचं स्पॅनिश ऐकायला वेळ असतो, आणि स्वयंपाकघरातून विचारून येण्याइतकी उसंतही. गर्दीच्या वेळी तीच बाई "नो मीट, नो मीट" म्हणून मान डोलावून निघून जाते, तिचीही चूक नाही, सहा टेबलं असतात तिच्याकडे.

टिप. बाबांशी वाद घालू नकोस, आकडा सांग. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान केंद्रीय पगार तासाला 2 डॉलर 13 सेंट आहे, तो 1991 पासून हललेला नाही आणि टेक्सास त्याच आकड्यावर चालतं. उरलेलं टिपमधून यायचं. म्हणजे ती बक्षिसी नाहीच, तो तिचा पगार आहे, फक्त तो आपण देतो, बिलात न लिहिता. बाबा आयुष्यभर नोकरी केलेले असतील तर त्यांना हे एका वाक्यात कळेल, आणि मालकाला शिव्याही घालतील, घालू देत. मग हिशोबाचं काम त्यांनाच देऊन टाक. तुमच्याकडे सेल्स टॅक्स सव्वाआठ टक्के, म्हणून बिलावरच्या टॅक्सची दुप्पट करायची आणि वर थोडं टाकायचं की अठराच्या आसपास येतं. काउंटरवर ऑर्डर देऊन आपणच ताट उचलून आणायचं असेल आणि तरी तो टॅब्लेट तुमच्याकडे वळवून वीस-पंचवीस टक्के विचारत असेल तर तिथे "नो टिप" दाबायला लाजायचं कारण नाही, एखादा डॉलर टाकला तरी पुष्कळ. रुपयांत करून मात्र ते बघणारच, त्याला औषध नाही.

बाबांचंच एक राहिलं, आणि खरं तर तुझ्या पत्रात मला सगळ्यात वाईट याचंच वाटलं, की साताऱ्याचा मटण खाणारा माणूस टेक्सासमध्ये चिकनवर दिवस काढतोय. आसादा, बार्बाकोआ, लेंग्वा, सुआदेरो ही नावं टाळायची, ते सगळं बहुतेक बीफ. पोयो चालेल, पेस्कादो म्हणजे मासे, कामारोनेस म्हणजे कोळंबी. कार्नितास आणि अल पास्तोर डुकराचं, ते खातात का विचार. पण त्यांना न्यायचं ते बिरियाला. मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याची मूळची बिरिया बोकडाची, सुक्या मिरच्या आणि मसाला वाटून त्यात तासन्‌तास शिजवलेलं मटण, सोबत वाटीत लाल तर्रीचा रस्सा, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. इकडे हल्ली जिकडेतिकडे दिसते ती बीफची असते, तिला बिरिया दे रेस म्हणतात, म्हणून मुलाला नीट शिकवून ठेव, "दे चिवो", म्हणजे बोकडाची, विचारायचं. चिवो सगळीकडे नसतं, आणि असतं तिथेही बहुतेक शनिवार-रविवारीच करतात, तेव्हा हे शुक्रवारवर ढकलू नका, रविवारी सकाळी अकराच्या आत जा, उशिरा गेलात तर हाडं आणि रस्साच शिल्लक असतो.